हरताळ की शिसं? जुने रंग न खरवडता ओळखण्याची रीत

पोथीत अक्षर चुकलं की लेखक त्यावर हरताळाचा, म्हणजे आर्सेनिकच्या पिवळ्या खनिजाचा, लेप द्यायचा आणि वाळल्यावर वर नवं अक्षर लिहायचा. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथला. आज तोच पिवळा लेप हातातल्या एक्सआरएफ यंत्राखाली (क्ष-किरण टाकून रंगातली मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र) धरला, तर पडद्यावर 'शिसं' उमटण्याची शक्यता पुरेपूर असते. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक ऊर्जेवर आपली रेषा उमटवतं; ही ऊर्जा केईव्हीमध्ये मोजतात. हरताळातल्या आर्सेनिकची मुख्य रेषा १०.५४ केईव्हीवर येते, शिशाची १०.५५ वर. हा फरक हातातल्या यंत्राला दिसतच नाही, आणि त्याचं सॉफ्टवेअर दोघांपैकी एक नाव छापून मोकळं होतं.

म्हणून पहिला नियम असा, की एका यंत्राच्या शब्दावर रंगाचं नाव लिहायचं नाही. वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणारी दोन यंत्रं एकाच रंगाकडे बोट दाखवतील तेव्हा नाव पक्कं, आणि तेही रंगाखालच्या जमिनीचं मोजमाप आधी घेतलेलं असेल तरच. ही दुसरी अट सोलापूर जिल्ह्यात जरा जास्तच कडक पाळावी लागते.

जमीन आधी, रंग नंतर

ज्या थरावर रंगवायचं त्याला चित्रकार जमीन म्हणतात. इथे दोन्ही अर्थांच्या जमिनी एकमेकींत मिसळतात. सोलापूरची काळी माती बेसाल्ट झिजून झालेली, आणि दख्खनच्या बेसाल्टात लोखंड भरपूर, टायटॅनियम ऑक्साइडही साधारण दोन ते तीन टक्के. भीमा-सीनेच्या वाळूत तोच दगड असतो. ती वाळू गिलाव्यात जाते आणि उन्हाळाभर उडणारी धूळ चित्रावर बसते. त्यामुळे जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या भिंतीवर एक्सआरएफ लावा, लोखंड आणि टायटॅनियम हजर.

टायटॅनियम व्हाइट बाजारात आला १९२० च्या आसपास. तेव्हा टायटॅनियमची रेषा दिसली की 'ही अलीकडची डागडुजी' असं लिहून टाकायचा मोह होतो. तो आवरायचा. आधी त्याच भिंतीवर रंग नसलेल्या तीन जागा मोजायच्या: नुसता गिलावा, चुन्याचा हात दिलेली जागा आणि धूळ साचलेला कोपरा. मग रंगाच्या डागावरची टायटॅनियमची उंची लोखंडाच्या उंचीशी ताडून पाहायची. गिलाव्यावर दोघांचं जे प्रमाण आहे तेच रंगावर असेल तर ते टायटॅनियम मातीचं. लोखंड तेवढंच राहून टायटॅनियम दुप्पट-चौपट झालं, तरच पांढऱ्या रंगाचा संशय घ्यायचा. तिथेही बेरियमची ४.४७ केईव्हीची रेषा टायटॅनियमच्या ४.५१ ला चिकटून असते. ४.८३ वर बेरियमची दुसरी रेषा आहे का, हे तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

लोखंड जास्त असलं की आणखी तीन भुतं उभी राहतात. लोखंडाचे दोन फोटॉन एकाच क्षणी डिटेक्टरवर पडले, तर १२.८ केईव्हीला खोटी रेषा उमटते आणि ती शिशाच्या १२.६१ जवळ असते. लोखंडाची ७.०६ ची रेषा कोबाल्टच्या ६.९३ वर पसरते. डिटेक्टरमधल्या सिलिकॉनमुळे ४.६६ ला एक छोटा सुळका येतो, तो पुन्हा टायटॅनियमसारखाच दिसतो. चुन्याच्या भिंतीवर कॅल्शियमची दुहेरी रेषा ७.३८ ला येते आणि यंत्र निकेल सांगतं. गेरूच्या लाल पट्ट्यात कोबाल्ट, शिसं आणि निकेल एकदम सापडले, तर शोध लागला म्हणून हुरळून न जाता विद्युतधारा निम्मी करून तीच जागा पुन्हा मोजायची. दोन फोटॉन एकदम पडल्याने आलेल्या रेषा खऱ्या रेषांपेक्षा कितीतरी वेगाने खाली बसतात.

पोथीच्या बाबतीत जमीन म्हणजे कागद, त्याच्या मागची ओळ आणि खालचं पान. क्ष-किरण कागदातून आरपार जातात. खालच्या पानावर हिंगुळाने, म्हणजे पाऱ्याच्या लाल रंगाने, लिहिलेला श्लोक असेल तर वरच्या काळ्या अक्षरातही पारा दिसतो. सुट्या पानाच्या खाली ५ मिलिमीटर जाडीची स्वच्छ ॲक्रिलिकची पाटी सरकवायची आणि आधी नुसत्या पाटीचं मोजमाप नोंदवून ठेवायचं. पान हातात धरून कधीही मोजायचं नाही.

देवाधर्माचे थर

देवघरातली वस्तू असेल तर मूळ रंगाच्या वर भक्तीचे थर असतात. पंढरपूरच्या बाजूला बुक्का. तो मुळात कोळशाची पूड, त्यामुळे अवरक्त छायाचित्रात काजळाइतकाच काळा येतो आणि चित्रकाराची रेघ समजून त्याची नोंद होते. सोलापूरजवळच्या बाळे गावच्या खंडोबाला वाहतात तो भंडारा म्हणजे हळद. अतिनील प्रकाशात हळद पिवळी चमकते, आणि जुन्या लघुचित्रांतला इंडियन यलो हा रंगही तसाच चमकतो. लाकडी देव्हाऱ्याच्या कोनाड्यात अशी चमक दिसली तर आधी भिंग लावायचं. हळद खाचांत, कडांवर, खालच्या बाजूला साठते, तर रंग रेषेच्या आत राहतो.

शेंदराची गोष्ट सगळ्यांत फसवी. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड हे जुन्या मालाबद्दल खरं. आज दुकानातल्या पुडीत शिसं असेल किंवा नुसता कृत्रिम नारिंगी रंगही असेल. शिवाय जुना शेंदूर हवेने आणि ओलीने काळवंडतो, कारण त्याचं शिशाच्या काळ्या डायऑक्साइडमध्ये रूपांतर होतं. चित्रात हातापायांना विनाकारण काळे-तपकिरी डाग असतील आणि एक्सआरएफ तिथे शिसं दाखवत असेल, तर तो भाग मुळात नारिंगी किंवा फिका असण्याची शक्यता धरूनच पुढे जायचं.

कामाचा क्रम

क्रम ठरलेला आहे: डोळा आणि छायाचित्र, मग परावर्तन (रंग कोणता प्रकाश परत फेकतो ते मोजणं), मग एक्सआरएफ, सगळ्यांत शेवटी रामन (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखणारं यंत्र). वस्तूला धोका कमी ते जास्त असा हा क्रम आहे, आणि प्रत्येक पायरीमुळे पुढच्या पायरीच्या जागा कमी होत जातात. ५० जागांवर छायाचित्राने नजर टाकली की त्यातल्या १५ एक्सआरएफला आणि ५ रामनला पुरतात.

छायाचित्रासाठी आतली अवरक्त अडवणारी गाळणी काढून घेतलेला साधा डीएसएलआर चालतो. दृश्य प्रकाश, ३६५ नॅनोमीटरची अतिनील बॅटरी आणि ८५० नॅनोमीटरची अवरक्त गाळणी असे तीन फोटो ट्रायपॉड न हलवता घ्यायचे. मग संगणकावर तिन्ही रंगवाहिन्या एक घर सरकवायच्या: अवरक्त लालच्या जागी, लाल हिरव्याच्या जागी, हिरवा निळ्याच्या जागी. या खोट्या रंगाच्या चित्रात झाडापासूनची नीळ लालभडक होते. लाजवर्द, म्हणजे निळ्या दगडाची पूड, तोही लाल होतो. प्रशियन ब्लू मात्र काळपट जांभळा राहतो, कारण तो अवरक्त प्रकाश गिळतो. हिंगूळ पिवळा दिसतो. प्रशियन ब्लूचा जन्म अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकातला, बर्लिनचा. पोथीचा काळ त्याआधीचा सांगितला जात असेल तर निळ्या रंगाची ही एक तपासणी अर्ध्या तासात बरंच काही उलगडते.

परावर्तनाचं यंत्र म्हणजे फोर्स: हॅलोजन दिवा, प्रकाशतंतू आणि ३५० ते १००० नॅनोमीटरचा वर्णपटमापक. दिवा लावल्यावर १५ ते २० मिनिटं थांबायचं, नाहीतर वर्णपट सरकत राहतो. टोक पृष्ठभागाशी ४५ अंशात, दोन-तीन मिलिमीटरच्या ठिपक्यावर. २० वाचनांची सरासरी. दोन जागांच्या मधल्या वेळात दिवा वस्तूवरून बाजूला करायचा, कारण त्याची उष्णता कागदाला सोसत नाही. लाल रंगांमध्ये आलेख जिथे सर्वांत वेगाने चढतो ती जागा पाहायची: शेंदूर ५६५ च्या आसपास, हिंगूळ ६०० च्या आसपास. गेरू त्यांच्या मधे कुठेतरी चढतो, पण त्याची खरी खूण ८६० च्या सुमाराचा रुंद खळगा. पिवळ्या मातीचा तसाच खळगा ९१० कडे सरकलेला असतो. लाखेच्या लाल रंगात ५२५ आणि ५६५ च्या आसपास दोन खाचा दिसतात, मंजिष्ठात, म्हणजे मुळांपासूनच्या लाल रंगात, त्या साधारण ५१० आणि ५४० ला. पांढरा मिसळला किंवा वर धूर बसला की हे आकडे पाच-दहा नॅनोमीटरने हलतात. एकाच आकड्याला धरून बसण्यापेक्षा आलेखाचा आकार आपल्या नमुन्यांशी ताडलेला बरा.

एक्सआरएफ ४० किलोव्होल्टवर, प्रत्येक जागी ६० ते १२० सेकंद, ट्रायपॉडवर. यंत्राचं नाक आणि वस्तू यांत दोन ते तीन मिलिमीटर अंतर. ते एका मिलिमीटरने वाढलं तरी गंधक, पोटॅशियम, कॅल्शियम यांच्या रेषा खाली येतात, म्हणून सगळीकडे अंतर एकच ठेवायचं. यंत्राच्या तोंडावरची फिल्म केसाइतकीही जाड नसते आणि गिलाव्याच्या एका खड्याने फाटते. सुटलेल्या पापुद्र्यांजवळ यंत्र टेकवायचंच नाही. यंत्रात 'मृदा' किंवा 'धातू' असे तयार मोड असतात आणि ते टक्केवारी दाखवतात. रंगाच्या थरांना त्या टक्केवारीचा काही उपयोग नाही, कारण ती एकसंध नमुन्यासाठी बसवलेली असते. आकडे सोडून मूळ वर्णपट उघडून पाहायचा आणि तोच जतन करायचा.

आता हरताळ आणि शिसं. १०.५ ला रेषा दिसली की आपोआप आलेलं नाव पुसायचं आणि १२.६१ पाहायचं. शिसं असेल तर तिथे जवळजवळ तेवढीच उंच दुसरी रेषा हवी. तिथे काही नाही आणि ११.७३ ला मुख्य रेषेच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढी छोटी रेषा आहे, तर आर्सेनिक. दोन्हीकडे रेषा आहेत पण १०.५ ची फारच वरचढ, तर दोन्ही आहेत. जवळ हिंगुळाचा लाल असेल तर आणखी एक पेच: पाऱ्याची ११.८२ ची रेषा आर्सेनिकच्या ११.७३ ला झाकते. अशा वेळी ९.९९ ला पारा आहे का ते आधी बघायचं. सोनेरी वर्खाच्या शेजारीही सावध राहायचं, सोन्याची रेषा ९.७१ ला आहे. 'सोनेरी' भागात सोन्याऐवजी तांबं आणि जस्त मिळालं, तर ती पितळेची भुकटी.

रामनसाठी ७८५ नॅनोमीटरचा लेझर बरा. सुरुवात १ मिलिवॅटच्या आतून, १० सेकंदांनी. लेझर जास्त झाला तर शेंदूर जागच्या जागी भाजून पिवळं शिशाचं ऑक्साइड होतो, म्हणजे आपणच वस्तू बिघडवली आणि वाचनही खोटं. मनशीळ, म्हणजे आर्सेनिकचं तांबडं खनिज, तर नुसत्या प्रकाशानेही पिवळी पडते. रोज सकाळी सिलिकॉनच्या तुकड्यावर ५२०.७ ची रेषा नीट येते का ते तपासायचं. लक्षात ठेवायच्या रेषा, प्रति सेंटिमीटरमध्ये: हिंगूळ २५२ आणि ३४३, हरताळ ३१० आणि ३५५, लाजवर्द ५४८, नीळ १५७३, चुना १०८६, जिप्सम १००८. डोळ्यांवर त्या लेझरचाच चष्मा हवा आणि जागेभोवती काळं कापड. लाख किंवा मंजिष्ठ असेल तर रामनमध्ये चकाकीचा डोंगर येतो आणि त्यात रेषा बुडतात. तिथे वेळ न घालवता फोर्सवर परत यायचं.

एक हिरवं पान, जवळून

पोथीच्या समासात रंगवलेल्या केळीच्या पानाचा हिरवा घेऊ. भिंगाखाली पिवळे चमकदार कण आणि त्यांच्या मधे निळसर छटा दिसते, कण एकसारखे नाहीत. एक्सआरएफमध्ये १०.५४ आणि ११.७३, १२.६१ रिकामं. तांब्याची ८.०५ ची जागा कोऱ्या कागदाइतकीच. म्हणजे आर्सेनिक आहे आणि तांबं नाही. इथवर एवढंच कळलं की हा जंगाल, म्हणजे तांब्याच्या गंजाचा हिरवा, नव्हे. तांबं आणि आर्सेनिक दोन्ही असलेला एमराल्ड ग्रीन, जो १८१४ पासून बनू लागला, तोही नव्हे. निळा भाग कुठला, हे एक्सआरएफ सांगणार नाही. नीळ कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजनची बनलेली असते आणि ही मूलद्रव्यं त्याला दिसत नाहीत.

फोर्सचा आलेख ५४० च्या आसपास उंच, ६६० ला खोल, आणि ७२० च्या पुढे कड्यासारखा चढलेला. खोट्या रंगाच्या चित्रात पान लालसर. आता दोन्ही बाजू जुळल्या: हरताळ आणि नीळ यांचं मिश्रण, भारतीय पोथ्यांतला नेहमीचा हिरवा. खात्रीसाठी रामनने पिवळ्या कणावर ३५५ आणि निळ्यावर १५७३ मिळाले तर उत्तम, न मिळाले तरी निष्कर्ष उभा राहतो. याउलट हिरव्याच्या मागे कागद तपकिरी होऊन तडकलेला असेल, तर मोजण्याआधीच तांब्याचा अंदाज बांधायला हरकत नाही. जंगाल कागद खातो.

आपली नमुनापट्टी

परदेशी संदर्भसंचातले नमुने तेलात किंवा ॲक्रिलिकमध्ये घोटलेले असतात; आपले रंग डिंकातले. आपली पट्टी आपणच करावी. धावड्याचा डिंक एक भाग, पाणी तीन भाग, रात्रभर भिजवून फडक्याने गाळायचा. १ ग्रॅम रंगाला अर्धा मिलिलिटर डिंक, काचेवर घोटून हातकागदावर २ सेंटिमीटरचे चौकोन, एक पातळ हात आणि एक जाड. भिंतीसाठी तेच रंग चुन्याच्या गिलाव्याच्या फरशीवर. हिंगूळ, हरताळ, शेंदूर घोटताना हातमोजे आणि एन-९५ मास्क घालायचा, आणि घरातला खलबत्ता नको.

माल काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, पण नावावर विश्वास ठेवू नका. 'नीळ' मागितली की बहुतेक वेळा कपड्यांची नीळ हातात येते. ती कृत्रिम अल्ट्रामरिन, १८२८ नंतरची वस्तू, झाडाच्या निळीशी तिचा काही संबंध नाही. भिंतीला चुना देतानाही हीच नीळ घालतात, त्यामुळे वाड्याच्या पांढऱ्या भिंतीवर रामनने ५४८ दाखवलं म्हणून लाजवर्द सापडला असं होत नाही. आणलेली प्रत्येक पुडी आधी एक्सआरएफ आणि फोर्सखाली तपासून मगच पट्टीवर चढवायची.

ऊन, वीज, माणसं

सोलापुरात मार्च ते मे पारा चाळिशीच्या वर जातो. थंडावा नसलेल्या वर्णपटमापकाचा अंधारातला गोंगाट, म्हणजे प्रकाश नसतानाही येणारे आकडे, तापमानाबरोबर वाढतो, म्हणून सकाळी घेतलेलं अंधाराचं आणि पांढऱ्या पट्टीचं मोजमाप दुपारी निकामी. दर १५ मिनिटांनी दोन्ही पुन्हा घ्यायची. शक्यतो काम साडेसहा ते दहा, नाहीतर रात्री. अतिनील छायाचित्राला अंधार लागतोच. यंत्रं गाडीत ठेवायची नाहीत. एक्सआरएफला सलग पाच-सहा जागांनंतर थोडी उसंत द्यायची. फोर्सला बॅटरी-इन्व्हर्टर जोडून ठेवायचा, कारण व्होल्टेज हललं की हॅलोजनचा रंग हलतो.

एक्सआरएफ क्ष-किरण सोडतं, त्यामुळे त्याचा वापर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांखाली येतो. परवानगीची कागदपत्रं आणि किरणमापक बिल्ला नसेल तर यंत्र पेटीतच राहू द्या. नांदत्या वाड्यात भिंतीपलीकडे स्वयंपाकघर असतं. मोजणी चालू असेपर्यंत ती खोली रिकामी करून घ्यायची आणि पोरांना अंगणात पाठवायचं. यंत्राची किल्ली एकाच माणसाकडे.

नोंदवहीत प्रत्येक जागेला क्रमांक, चित्राच्या डाव्या-खालच्या कोपऱ्यापासून मिलिमीटरमध्ये अंतर, मोजपट्टीसह फोटो आणि मूळ वर्णपटाची फाइल. रंगाच्या नावाचे तीन रकाने करा. पहिल्यात जे दिसलं ते: 'आर्सेनिक, ६६० ला खळगा'. दुसऱ्यात निष्कर्ष: 'हरताळ, नीळ'. तिसऱ्यात कोणत्या दोन यंत्रांनी तो दिला. तिसऱ्या रकान्यात एकच यंत्र असेल तर दुसऱ्यात नाव लिहायचं नाही, 'आर्सेनिकयुक्त पिवळा' एवढंच लिहायचं. बाजारातलं नाव हवंच असेल तर ते शेवटी, अवतरणात.